धक्का कोण झेलतो?

१९९४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा मावळातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. घरी एक जुनी फियाट होती. आमच्याकडे येईपर्यंत तिने दोन मालक पाहिले होते. मी एकटा असलो की ती बरी चाले. पण मागे तिघे बसले आणि डिकीत तांदळाचे पोते पडले की तिचे बूड रस्त्याला टेकायला येई. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना खड्डा आला की खालून खरवडल्याचा आवाज होई आणि मग गाडी बराच वेळ होडीसारखी झुलत राही. घाटातल्या वळणावर ही झूल जिवाला घोर लावणारी होती.

सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने गाडी न पाहताच निदान केले. "सर, मागचे शॉकअप गेलेत. हेवी ड्यूटी जोडी टाका, गाडी उचलून धरेल." मी जोडी घेतली. मजुरी वाचावी आणि स्वतः काम करून पाहावे म्हणून रविवारी सकाळीच अंगणात बसलो. पुढच्या चाकांना दगडांची उटी लावली. मागचा आस जॅकने उचलून त्याखाली दोन लोखंडी घोड्या ठेवल्या. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच रॉकेल सोडले होते, तरी एका नटाने दोन तास खाल्ले. दुपारपर्यंत जुनी नळकांडी उतरली, नवी चढली.

काम सुरू करण्यापूर्वी मी एक मास्तरकी केली होती. जमिनीपासून मागच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून वहीत लिहून ठेवली होती. गाडी पुन्हा चाकांवर उतरवली, थोडी पुढेमागे ढकलली आणि परत मोजले. उंची तेवढीच! गाडी तसूभरही उचलली गेली नव्हती. मग एक फेरी मारून आलो. झुलणे मात्र पार थांबले होते. पैसे वाया गेले की कारणी लागले, हेच कळेना.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक मेस्त्री राहत. कुंपणापलीकडून ते हा सारा खटाटोप पाहत होते. ते म्हणाले, "सर, गाडी पाट्यांवर उभी असते, शॉकअपवर नाही. तुमचे पाटे बसलेत. शॉकअपचं काम निराळं असतं."

दरवर्षी नववीच्या वर्गात स्प्रिंगकाटा दाखवणारा मी, हे साधे वाक्य ऐकून ओशाळलो. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्काशोषक. या नावावरून तो धक्का झेलत असेल, भार पेलत असेल असेच कुणालाही वाटेल. मग हे नाव आले कुठून? आणि त्याचे खरे काम माणसाच्या लक्षात केव्हा आले? ही हकिकत शोधायला फार दूर जावे लागत नाही. तिचा पहिला भाग आपल्या बोरघाटातच पाहता येतो.

स्प्रिंगांशिवायचा घाट

बोरघाटाची वाट फार जुनी आहे. कोकणातल्या बंदरांतून देशावर येणारा व्यापार या बाजूने चाले. कार्ले आणि भाजे येथली दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी या वाटेच्या आसपास आहेत. माल बैलांच्या पाठीवरून जाई, माणसे पायी किंवा तट्टावरून जात आणि ऐपत असलेले पालखीतून. गाड्या जाऊ शकतील असा रस्ता घाटात झाला तो १८३० साली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात तो वाहतुकीला खुला झाला.

पुढे रेल्वे आली, पण तीही घाटापाशी अडली. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली, १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा हा भाग सुरू झाला, आणि मधला घाट पुरा व्हायला १८६३ साल उजाडले. मधली पाच वर्षे खोपोलीला उतरलेला प्रवासी पालखी, तट्टू किंवा गाडी करून खंडाळ्याला चढे आणि तिथे पुढची आगगाडी धरी.

आता या वाहनांकडे जरा भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू. पालखीचा दांडा थोडा लवतो, म्हणजे तो स्प्रिंगसारखा वागतो. पण पालखी झोके घेत राहू नये याची काळजी भोयांचे गुडघे आणि खांदे घेत. सगळ्यांची पावले एकाच वेळी पडली तर दांडा लयीत हेलकावू लागतो, म्हणून ती आगेमागे पडलेली बरी. धक्का झेलायचा आणि तो झेलल्यावर येणारी झूल शमवायची, ही दोन्ही कामे इथे माणसाच्या शरीरानेच केली.

खाचराला तर स्प्रिंगच नसे. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट बसवलेली साटी. प्रवाशाच्या सोयीसाठी काय करत? साटीत पेंढा पसरत. यातही एक शहाणपण आहे. पेंढा दाबला जातो, पण रबरासारखा परत उसळत नाही. काड्या एकमेकींवर घासतात आणि धक्क्याची ऊर्जा त्या घर्षणातच संपते. पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज या पेंढ्यात आहे असे म्हटले तरी चालेल.

पाटा आला

युरोपात घोडागाड्यांची बैठक आधी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत. मग पोलादी स्प्रिंगा आल्या. स्प्रिंगचे ताणणे हे तिच्यावरच्या भाराच्या प्रमाणात असते हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापला. १८०४ साली लंडनच्या ओबादाया इलियट या गाडी बनवणाऱ्याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, खाली-वर अशा दोन कमानी आणि त्यांवर गाडीचा सांगाडा. गाड्या हलक्या झाल्या, प्रवास सुसह्य झाला. आपल्याकडच्या टांग्यापासून ट्रकपर्यंत दिसणारे कमानपाटे या कुळातले.

पाट्यात एक गंमत लपलेली आहे. चार पोलादी पट्ट्या एकत्र बांधून वाकवल्या की त्या एकमेकींवर घसरतात. त्यामुळे पाटा धक्का झेलतो आणि त्यातली काही ऊर्जा घासून संपवतो. स्प्रिंग आणि पेंढा एकाच वस्तूत! म्हणूनच इलियटनंतर जवळजवळ शंभर वर्षे कुणाला वेगळ्या झूलशामकाची निकड वाटली नाही. जे काम पाटा गुपचूप करत होता, ते वेगळे काम आहे हेच कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

वेग वाढला, प्रश्न दिसला

समजा, रस्त्यावर दर १० मीटरला एक उंचवटा आहे. बैलगाडी सेकंदाला साधारण १ मीटर जाते, म्हणजे तिला दर १० सेकंदांनी एक धक्का बसतो. तोवर आधीचा विरलेला असतो. आता स्प्रिंगांवरची मोटार घ्या. तिचा सांगाडा दाबून सोडला तर तो सेकंदाला साधारण सव्वा वेळा वर-खाली होतो. ती सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वेगाने गेली तर तिला सेकंदाला सव्वा धक्के बसतील. नेमक्या तिच्या लयीत! झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावत राहिल्यावर झोका चढत जातो, तसे हे झाले. वर्गात अनुस्पंदन शिकवताना आपण नादकाट्यांकडे वळतो, पण त्याचे रांगडे उदाहरण रस्त्यावरच आहे.

१८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. प्रवास मऊ झाला, पण टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच. मोटारींचा वेग वाढत गेला तसा प्रश्न उघडा पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या ट्रुफो याने यावर एक उपाय काढला. कात्रीसारखे दोन दांडे, त्यांच्या सांध्यात चामड्यासारख्या घासणाऱ्या चकत्या, आणि त्या आवळणारा एक बोल्ट. चाक वर-खाली झाले की चकत्या घासत आणि झूल मंदावे. अमेरिकेतल्या हार्टफर्डने हे तंत्र तिकडे नेले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर ते दिसू लागले. बोल्ट जास्त आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. आज गाडीला हव्या तशा जोड्या बाहेरून घेऊन बसवण्याची जी हौस दिसते, तिचा उगम इथला.

नावाचा घोळ

फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनली. पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे, पण शॉकअप एकही नाही. साहजिकच बाहेरचे जोडसामान विकणाऱ्यांची चंगळ झाली. मालक घरच्या अंगणात, पाना आणि पक्कड घेऊन, हे सामान स्वतःच चढवत. त्यातले हॅसलर कंपनीचे 'शॉक ॲब्सॉर्बर' फार खपले. पण ते होते काय? पाट्यांच्या टोकांशी बसवायच्या जादा गुंडाळीच्या स्प्रिंगा! म्हणजे त्या खरोखरच धक्का झेलत होत्या, आणि नावही बरोबर होते.

त्याच सुमारास क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर याने दुसरे जोडसामान काढले. फॉस्टरची 'गॅब्रिएल' ही कंपनी आधी मोटारींचे भोंगे बनवत असे. त्याने डबीत गुंडाळलेला एक पट्टा बसवला. चाक वर उचलले गेले की पट्टा सैल होऊन गुंडाळला जाई. चाक परत खाली येऊ लागले, की पट्टा घासत, अडखळत उलगडे. उसळीला लगाम घालणारे हे साधन. फॉस्टरने त्याला 'स्नबर', म्हणजे आवर घालणारा, असे म्हटले.

दोन साधने, दोन कामे. काळाच्या ओघात पहिले साधन गेले, पण नाव उरले. दुसरे काम उरले, पण त्याचे नाव गेले. झूल शमवणाऱ्या साधनालाच सगळे शॉक ॲब्सॉर्बर म्हणू लागले. आपल्या गॅरेजमध्ये त्याचे 'शॉकअप' झाले आणि मराठीत 'धक्काशोषक'. १९९४ साली माझी फसगत झाली ती या घोळामुळे. भौतिकशास्त्राच्या परिभाषेतला 'अवमंदक' हा शब्द रुक्ष खरा, पण बिनचूक आहे.

तेल आणि जूलचा प्रयोग

घासणाऱ्या चकत्यांची एक खोड होती. त्या झिजत, पावसात भिजल्या की गुण बदलत, आणि हळू हालचाल असो की जोराची, त्यांचा अडथळा साधारण सारखाच राही. खरे तर मोठ्या उसळीला मोठा अडथळा हवा आणि बारीक थरथरीला थोडा. हा गुण द्रवात आहे. पाण्यात हात हळू फिरवा आणि मग जोरात फिरवून पाहा. फ्रान्सच्याच मॉरिस हुदाय याने तेलाने भरलेल्या डबीत पाते फिरवणारा अवमंदक बनवला. १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए या गाडीवर कारखान्यातूनच असे तेलाचे अवमंदक बसून आले. अंगणात चढवायचे जोडसामान आता गाडीचा भाग बनले.

१९३० च्या दशकात आणखी एक बदल झाला. अनेक मोटारींच्या पुढच्या चाकांना पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग आली. ती मऊ, पण तिच्यात घासणारे काहीच नाही. पाट्याचे गुपित काम करायला आता कुणीच उरले नाही, आणि अवमंदक ही चैन न राहता गरज झाली. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, आपल्या ओळखीचा शॉकअप या काळापासून रुळत गेला. त्याच्या आत तेल, तेलात बारीक भोके आणि झडपा असलेला दट्ट्या. चाक हलले की दट्ट्या सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून जबरीने जावे लागते. बहुधा चाक वर जाताना अडथळा कमी आणि खाली येताना जास्त, अशा झडपा असतात. फॉस्टरच्या पट्ट्याची युक्तीच इथे तेलात उतरली आहे.

मग धक्क्याची ऊर्जा जाते कुठे? १८४० च्या दशकात, बोरघाटात बैलगाड्या नुकत्या रुळत होत्या तेव्हा, इंग्लंडात जेम्स जूल एक प्रयोग करत होता. खाली उतरणारे वजन पाण्यातली पाती फिरवी आणि पाणी किंचित तापे. यांत्रिक ऊर्जा आणि उष्णता यांचे नाते त्याने असे मोजले. शॉकअप म्हणजे गाडीखाली टांगलेला जूलचा प्रयोग. गाडीचा मागचा ४०० किलोचा भाग ५ सेंटिमीटर खाली आला तर ४०० × ९.८ × ०.०५, म्हणजे सुमारे २०० ज्यूल ऊर्जा निघते. ती आधी स्प्रिंगेत साठते आणि मग प्रत्येक झुलीबरोबर थोडी थोडी करून तेलात उष्णता होऊन संपते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपचे नळकांडे कोमट लागते, ते यामुळेच.

म्हणून साध्या तेलाच्या शॉकअपने गाडी वर उचलली जात नाही. गाडी उभी असताना दट्ट्या हलत नाही, आणि हालचाल नाही तर अडथळाही नाही. दाबाखालचा वायू भरलेले शॉकअप किंचित उचल देतात. ज्यांवर जादा स्प्रिंग किंवा हवेची पिशवी असते ते भारही पेलतात. पण तिथेही भार पेलतो तो वायू किंवा स्प्रिंग. तेल नव्हे.

मावळापर्यंतचा प्रवास

स्वातंत्र्यानंतर मोटारींचे भाग देशातच बनले पाहिजेत असे धोरण आले. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० बनू लागली. तिचीच वारस पुढे पद्मिनी झाली. पुढे गुंडाळीची स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना तेलाचे शॉकअप अशी तिची रचना होती. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली आणि मुलुंडला शॉकअप बनू लागले. फॉस्टरच्या भोंग्यांचे नाव असे मुंबईच्या उपनगरात पोचले. पुढे याच कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यात चाकणजवळही झाला.

पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निघून गेली. तिच्याबरोबर अंगणात गाडीखाली शिरणारी एक पिढीही बरीच ओसरली.

पाना हातात घेण्यापूर्वी

तरीही मागचे शॉकअप बदलणे हे घरी जमण्याजोगे काम आहे. त्यातल्या प्रत्येक नियमामागे कारण आहे, आणि ते समजले तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, घोड्या हव्यातच. जॅकही तेलाच्या दाबावर उभा असतो आणि त्याची सील केव्हा दगा देईल सांगता येत नाही. मागे गुंडाळीची स्प्रिंग असलेल्या गाड्यांत आस किती खाली लोंबावा याला बऱ्याचदा शॉकअपच मर्यादा घालतो. तो काढण्याआधी आसाला खालून आधार दिला नाही तर आस खाली पडतो, स्प्रिंग निसटते, ब्रेकची नळी ताणली जाते. नवा शॉकअप चढवण्यापूर्वी उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबावा-ओढावा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा तेलातून निघून जाते. डोळ्याच्या आकाराच्या टोकांतले रबरी बुश पूर्ण आवळायचे ते गाडी चाकांवर उतरल्यावरच. लोंबत्या आसावर आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. आणि दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात. एक झूल मारणारी आणि एक न मारणारी अशी गाडी वळणावर वाकडी वागते.

पुढच्या चाकांचे मात्र घरी करू नये. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तिथे शॉकअपवरच दाबलेली स्प्रिंग बसवलेली असते. खास शिकंजा न लावता ती सोडली तर जीव घेण्याइतकी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. हूकचा नियम तिथेही लागू असतो!

घाटात याचे मोल

शॉकअप गेला तर काय, थोडे हेलकावे सहन करू, असे अनेकांना वाटते. पण झुलणाऱ्या सांगाड्यापेक्षा मोठा धोका चाकाचा आहे. आवर नसलेले चाक खडबडीत रस्त्यावर थरथरते, क्षणभर रस्ता सोडते. सुटलेल्या चाकाला घर्षण नाही, म्हणजे ब्रेकही नाही आणि वळणावरची पकडही नाही. लोणावळ्याच्या पावसात, ओल्या उतारावर, तो क्षणभरसुद्धा पुष्कळ होतो. मागच्या चाकांना हे जास्त जाचते, कारण तिथला भार सतत बदलतो. कधी एकटा चालक, कधी तिघे आणि वर पोते.

माझ्या फियाटला अशा दोन व्याधी होत्या आणि मी एकच औषध आणले होते. पुढच्या महिन्यात जुन्या हमरस्त्याकडेच्या एका कमानपाटेवाल्याकडे पाटे उतरवून दिले. त्याने ते तापवून, ठोकून त्यांना नव्याने बाक दिला. गाडी परत आली तेव्हा मी पुन्हा फुटपट्टी लावली. मागची बाजू दीड इंच वर आली होती. वहीत एकाखाली एक तीन आकडे झाले. पहिले दोन सारखे आणि तिसरा वेगळा. मेस्त्रींना वही दाखवली, तर ते नुसते हसले.

ते तीन आकडे मी नंतर कितीतरी वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो. त्यांच्या जोडीला एक छोटा प्रयोग करता येतो. स्प्रिंगेला वजन टांगा, खाली ओढून सोडा आणि ते किती वेळा वर-खाली होते ते मोजा. मग वजनाच्या तळाशी पत्र्याची चकती अडकवून ती पाण्याच्या बादलीत बुडेल अशी ठेवा आणि परत मोजा. तिसऱ्या वेळी पाण्याऐवजी गोडेतेल घ्या. एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगा: झूल थांबल्यावर वजन पाण्यात आणि तेलात साधारण त्याच उंचीवर थांबते. चकती बुडल्यामुळे द्रवाची थोडी उचल मिळते खरी, पण ती नगण्य असते. मुलांना आधी विचारा, तेल घट्ट म्हणून वजन वर राहील का? बरीच मुले 'हो' म्हणतात. मीही १९९४ साली तेच म्हटले होते, आणि त्यासाठी दुकानात पैसे मोजले होते.

आणि जवळच रेल्वे स्टेशन असेल तर मुलांना फलाटावर, पिवळ्या रेघेच्या मागे उभे करून, समोरच्या डब्याच्या चाकांकडे पाहायला सांगा. भार पेलणारी स्प्रिंग कुठली, आणि झूल आवरणारे नळकांडे कुठले? ही दोन कामे त्यांना वेगवेगळी दाखवता आली, तर पाठ समजला.